'शारदे'चं लग्न मोडतं ते नेमकं कशामुळे?

पिटातला
परवा गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकाचा प्रयोग पाहिला. सोबत बारा वर्षांची भाची होती. सगळं ठाऊक असलेलंच: पैशासाठी पोर विकायला निघालेला कांचनभट, पंचाहत्तरीचा नवरदेव भुजंगनाथ, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित, आणि लग्न मोडायला निघालेला कोदंड. लग्न मोडतं तेव्हा टाळ्या पडल्या. बाहेर वडापाव खाताना भाची म्हणाली, "मामा, म्हणजे गोत्र वेगळं असतं तर लग्न झालंच असतं ना?"

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हे लग्न मुलगी कोवळी आहे म्हणून मोडत नाही, नवरा म्हातारा आहे म्हणूनही नाही. दोघं सगोत्र निघतात म्हणून मोडतं. इतका वेळ एक प्रश्न विचारायचा आणि ऐन वेळी भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, याला मी पळवाट म्हणतो. देवलांवर प्रेम आहे, तरी म्हणतो.

तिसरी घंटा
पळवाट नाही, पेच आहे तो. कुस्तीतला. नाटक १८९९ चं. त्याच्या आठ वर्षं आधी संमतिवयाचा कायदा आला आणि शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं, एवढ्यावरून पुण्यात केवढं रणकंदन झालं! टिळकांसारखा माणूस विरोधात उभा होता. लग्नाच्या वयाला तर कायद्याची मर्यादाच नव्हती. मग कोदंडाने भर मांडवात काय म्हणायचं होतं? "मुलीवर अन्याय होतोय"? भटजींनी अक्षता उडवून पुढचं मंगलाष्टक सुरू केलं असतं. देवलांनी शास्त्राचा सोटा शास्त्र्यांच्याच पाठीत घातला. वय चालतं, पैसा चालतो, रडणारी मुलगी चालते, फक्त गोत्र चालत नाही. हा विनोद कुणावर आहे, ते बघा की जरा!

पिटातला
वाचताना हे पटतं. नाट्यगृहात मात्र तो उपरोध पोचत नाही, सुटकेचा नि:श्वास पोचतो. आणि पुढे काय होतं? शारदा जीव द्यायला निघते, कोदंड वाचवतो आणि तिचं लग्न लागतं. म्हणजे पोरीचं लग्न झालंच. नवरा तरुण मिळाला, एवढाच फरक. देवलांचा राग जरठ-कुमारी विवाहावर आणि कन्याविक्रयावर आहे. बालविवाहावर तो आहे का, याची मला आता खात्री वाटत नाही.

षड्ज-पंचम
शेवटावरून नाटक तोलू नका राव. संगीत नाटकाचं म्हणणं त्याच्या पदांत असतं. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' हे आपण आज स्नेहसंमेलनात टाळ्या घेत म्हणतो. पण मूळ नाटकात ते मुलींच्या तोंडी आहे. नवरदेवाला नकार द्यायची सोय नसलेल्या पोरी त्याची टिंगल करतात, त्यांच्या हातात तेवढंच आहे. चालही अशी उडती की तुम्हीही सामील होता. हसून हसून गाफील झालात की पुढे येतं 'मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली'. गंमत आता उरलेली नाही. मघाशी आपण कशाला हसत होतो, हे तेव्हा कळतं. हे तंत्र भाषणाने साधत नाही.

(बालगंधर्वांनीही शारदा केली. घाबरलेली पोर रंगवायला पुरुष उभा आणि समोर डोळे पुसणारे बापे! तो वेगळाच विषय, पुन्हा कधीतरी.)

जुना वाचक
नाटकाचा परिणाम किती, तर पुढे कायद्यालाच 'शारदा कायदा' नाव पडलं!

तिसरी घंटा
नाही हो! तो १९२९ चा कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. मुलीचं वय १४, मुलाचं १८. मराठीत 'सारडा'चं 'शारदा' झालं आणि नाटकाला फुकटचं श्रेय मिळालं.

मास्तरीणबाई
तुमची चर्चा वाचतेय. मी ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात शिकवते. इथे दिवाळीनंतर वर्गातले बाक रिकामे होतात. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती जोडीला. एकट्या पोराला कोण देणार? म्हणून त्याचं लग्न लावायचं. मुलीच्या आईबापांचंही तसंच, सहा महिने कारखान्यावर जाताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? कायद्याने मुलीचं वय १८ आहे. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं.

माझी तक्रार शेवटाबद्दल नाहीच. देवलांनी कांचनभटाला लोभी केलं, तिथे माझं घोडं अडतं. लोभी बाप दिसला की प्रेक्षक मोकळा होतो, 'मी काही असा नाही' म्हणतो. मला भेटलेले बाप लोभी नव्हते. एकजण माझ्यासमोर बसून रडला आणि आठ दिवसांनी त्याने लग्न लावलं. त्याला रंगमंचावर कसा उभा करणार?

षड्ज-पंचम
बाई, मग इंदिराकाकूंकडे बघा. शारदेची आई. तिला सगळं दिसतं, ती कळवळते, पण घरात तिचं चालत नाही. तुमचा रडणारा बाप देवलांनी आईत ठेवलाय.

मास्तरीणबाई
आईचं न चालणं सगळ्यांना ठाऊक असतं हो. बापाचंही चालत नाही, हे नाटकात नाही. भद्रेश्वर मात्र अगदी ओळखीचा वाटला. आमच्याकडे त्याला जीप आहे.

पिटातला
बाईंनी माझा मुद्दा पार बाजूला सारला. बरं केलं. आमचा हौशी संच उन्हाळ्यात 'शारदा'चा कापलेला प्रयोग करणार आहे. शारदा जीव द्यायला निघते तिथेच पडदा पाडायचा, असं मी सुचवलंय. कोदंड नाही, लग्न नाही.

तिसरी घंटा
पाडा. फक्त जाहिरातीत देवलांचं नाव लावू नका.

पिटातला
लावणार.