‘सर्वांचं स्वागत’ म्हणणाऱ्या चर्चला नेमकं काय विचारावं?

प्रश्न:
समलिंगी व्यक्ती श्रद्धाळू ख्रिस्ती आहे, चर्च सोडायचं नाही. फलकावर ‘सर्वांचं स्वागत’ सगळेच लिहितात. वर्षभराने भलतंच ऐकावं लागू नये म्हणून आधी काय विचारून घ्यावं? आणि कॅथलिक चर्च आता समलिंगी लग्नं लावतं, हे खरं का?

उत्तर १:
नाही लावत. १८ डिसेंबर २०२३च्या ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्याने समलिंगी जोडप्याला आशीर्वाद द्यायची मुभा दिली, नात्याला मान्यता नाही. ठरलेला विधी नको, नोंदणी विवाहाला जोडून नको, लग्नाचे कपडे नकोत. ४ जानेवारी २०२४च्या खुलाशात तर १०-१५ सेकंदांत आटपा म्हटलंय!

उत्तर २:
‘स्वागत आहे का?’ असं विचारूच नका, हो म्हणतील. हे विचारा: जोडीदारासोबत राहणाऱ्याला प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) मिळतं का? संडे स्कूलमध्ये शिकवता येतं का? मंडळीच्या कमिटीवर येता येतं का? ट्रान्स व्यक्तीच्या अंत्यविधीत कोणतं नाव घेता? उत्तर ईमेलवर मागा, पाळक बदलले की तोंडी शब्दाला कोणी विचारत नाही. ‘भेटा, निवांत बोलू’ एवढंच आलं तर ते बहुधा ‘नाही’ असतं. ‘प्रार्थनेने बदलता येतं’ म्हणाले तर उठा तिथून. हेच काम १९७६पासून करणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही संस्था २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली.

उत्तर ३:
विरोध करणारे बायबलमधलं वचन काढतील ते बहुतेक १ करिंथ ६:९; देवाचं राज्य कोणाला मिळणार नाही, त्याची यादी. तिथला ग्रीक शब्द ‘आर्सेनोकोइताय’: आर्सेन म्हणजे पुरुष, कोइते म्हणजे शय्या. १९४६च्या आरएसव्ही या इंग्रजी भाषांतराने हा आणि शेजारचा ‘मालाकोय’ (शब्दशः ‘मऊ’) असे दोन शब्द एकत्र करून ‘होमोसेक्शुअल्स’ केलं. १९७१च्या आवृत्तीत ते काढलं. पण एवढ्यावर वाद जिंकला असं समजून जाऊ नका. समोरचा अभ्यासू असेल तर पुरुषाने पुरुषाशी संग करू नये म्हणणाऱ्या लेवीय २०:१३च्या जुन्या ग्रीक भाषांतरात आर्सेन आणि कोइते लागोपाठ आलेत, म्हणजे शब्द तिथूनच आला, असं दाखवेल. त्याचा हा मुद्दा दमदार आहे, तयारीने जा.

प्रश्नकर्ता:
प्रभुभोजनाचं सुचलंच नव्हतं. पाळक ‘लग्न लावतो’ म्हणाले की झालं ना?

उत्तर २:
नाही, संप्रदायाची नियमावली वेगळी वाचा. युनायटेड मेथडिस्ट चर्च या प्रोटेस्टंट संप्रदायाने असं लग्न लावण्यावरची बंदी २०२४ मध्ये उठवली. तोवर पाळकाची तयारी असली तरी त्याच्यावर चर्चचा खटला होऊ शकत होता.