पावसाळ्यासाठी इनडोअर ट्रेनर आणि गाडीला सायकल रॅक: काय बघून घ्यावं?

पेडल_कोथरूड

नमस्कार मंडळी,

पावसाळा तोंडावर आलाय आणि यंदा मला सायकलिंगमध्ये खंड पडू द्यायचा नाहीये. नोव्हेंबरात पुणे-गोवा डेक्कन क्लिफहँगर या सायकल शर्यतीला (६४३ किमी) मित्रांबरोबर रिले टीममध्ये उतरायचं ठरतंय, म्हणजे जून ते सप्टेंबर हे चार महिने वाया घालवून चालणार नाही. पावसात बाहेर जातो मी, पण पहाटेच्या अंधारात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि घरचे काळजी करतात, ते बरोबरच आहे त्यांचं. म्हणून घरात ट्रेनर (सायकल एका जागी बसवून चालवायचा स्टँड) लावायचा विचार.

दुसरं म्हणजे रविवारी उघडीप असली की वाईला जाऊन पसरणी घाट करायचा, किंवा ताम्हिणीच्या बाजूला जायचं, तर तिथपर्यंत हायवेच्या ट्रॅफिकमधून सायकल हाणत जाण्यापेक्षा गाडीने जावं असं वाटतंय, त्यासाठी रॅक.

माझ्याकडे ॲल्युमिनियमची रोड बाइक आहे, रिम ब्रेक, क्विक रिलीज (लिव्हरने सुटणारं चाक), १० स्पीड (मागे १० गिअर). बायकोची हायब्रिड, डिस्क ब्रेकवाली. गाडी बलेनो, वर रूफ रेल्स (टपावरच्या लांब दांड्या) नाहीत. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली वयस्कर आजी-आजोबा राहतात त्यामुळे आवाजाचं टेन्शन आहे. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाइट पण जाते. बजेट दोन्ही मिळून ७० हजारांच्या आसपास. ट्रेनरवर जास्त घालू का रॅकवर? आणि मॉडेल कुठलं घेऊ?

सह्यपेडल

मॉडेलचं नाव शेवटी ठरवा हो, आधी मोजमापं. ट्रेनर तुमच्या सायकलच्या मागच्या ॲक्सलवर (चाकाच्या आसावर) आणि घरावर ठरतो, रॅक गाडीच्या मागच्या बाजूवर ठरतो. लोक व्हिडिओ बघून आधी बॉक्स घरी आणतात आणि मग ॲडॉप्टर शोधत फिरतात.

ट्रेनरचे ढोबळ दोन प्रकार. एक व्हील-ऑन, म्हणजे मागचं चाक तसंच ठेवायचं आणि टायर एका रोलरवर दाबला जातो. त्यात साधा मॅग्नेटिक, फ्लुइड आणि स्मार्ट (ॲप स्वतः रेझिस्टन्स, म्हणजे पेडलचा जडपणा, बदलतं तो) असे उपप्रकार. मॅग्नेटिकमध्ये रेझिस्टन्स हाताने लिव्हरने बदलायचा. फ्लुइडमध्ये जितकं जोरात चालवाल तितका तो आपोआप वाढतो, त्यामुळे रस्त्यासारखं वाटतं आणि आवाजही थोडा कमी. दुसरा डायरेक्ट ड्राइव्ह, यात मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (गिअरच्या चकत्यांवर) बसवायची. टायर झिजत नाही, घसरत नाही, आवाज मुख्यतः चेनचाच आणि वॉट्सचा (पायाच्या ताकदीचा) आकडा भरवशाचा.

तुम्हाला टीममध्ये उतरायचंय म्हणजे इंटरव्हल्स (आलटून पालटून जोरात आणि हळू चालवणं) करावे लागणार, आणि तिथे आकडा रोज सारखाच यायला पाहिजे. व्हील-ऑनला टायरमधली हवा रोज तेवढीच, रोलरचा दाब रोज तेवढाच, दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावर कॅलिब्रेशन (आकडा जुळवून घेणं), एवढं सगळं पाळलं तरच आजचे २०० वॉट आणि परवाचे २०० वॉट एक. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ही कटकट फार कमी. वाहू किकर कोर या ट्रेनरला कंपनी अधिक-उणे २ टक्के अचूकता सांगते, फ्लायव्हील (आतलं जड फिरणारं चाक) ५.४ किलोचं, नकली चढ १६ टक्क्यांपर्यंत आणि ताकद १८०० वॉटपर्यंत. टॅक्स फ्लक्स एस चं फ्लायव्हील ७ किलोचं पण चढ १० टक्क्यांपर्यंतच. १८०० वॉट आपल्याला कुठे लागणार आहेत, त्यामुळे त्या आकड्यावर जास्त पैसे घालू नका. अचूकता आणि फ्लायव्हील बघा, जड फ्लायव्हीलवर पेडल मारताना झटके बसत नाहीत.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. क्विक रिलीज रोड म्हणजे मागच्या आसाची रुंदी १३० मिमी, आणि बायकोची डिस्कवाली हायब्रिड १३५ क्विक रिलीज असेल किंवा १४२ थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा आस) असेल, ती आधी बघून घ्या. दोन्ही सायकली एकाच ट्रेनरवर लावायच्या असतील तर बॉक्समध्ये कुठले ॲडॉप्टर येतात ते दुकानदाराकडून लेखी घ्या. कॅसेट बरेचदा वेगळी घ्यावी लागते. फ्रीहब (ज्यावर कॅसेट बसते तो भाग) ११ स्पीडचा असेल तर १० स्पीड कॅसेटच्या मागे १.८५ मिमीचा स्पेसर, आणि शिमानोच्या बऱ्याच १० स्पीड रोड कॅसेटना त्यांच्याबरोबर येणारा १ मिमीचा पातळ स्पेसर पण लागतो. तो विसरला तर कॅसेट डुगडुगते आणि गिअर उड्या मारतात. लॉकरिंग टूल आणि चेन व्हिप (कॅसेट काढायची-बसवायची हत्यारं) लागेल, नाहीतर मेकॅनिककडूनच बसवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

लाइट गेल्यावर काय? बहुतेक डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनरचा रेझिस्टन्स विजेवर चालतो, लाइट गेली की घाट गेला. टॅक्स निओ प्लगशिवायही चालतो पण तो तुमच्या बजेटच्या बराच वर आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर ट्रेनर आणि वायफाय दोन्ही त्यावर घ्या, ट्रेनर फार वीज खात नाही.

मृदुला_ठाणे

सह्यपेडल यांनी यंत्राचं सांगितलं, मी घराचं सांगते. आम्ही वन बीएचकेमध्ये राहतो आणि बेडरूममध्ये पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत माझा ट्रेनर असतो.

खाली जाणारा आवाज म्हणजे कानाला ऐकू येणारी घरघर नसते, ती दारं लावली की थांबते. खालच्यांना त्रास होतो तो स्लॅबमधून जाणाऱ्या कंपनाचा. त्यासाठी नुसता योगा मॅट पुरत नाही. जिममध्ये घालतात तसल्या जाड रबर टाइल्स, त्यावर प्लायवूडचा तुकडा, त्यावर ट्रेनरची मॅट असं करा. आणि खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीच्या किंवा कॉलमच्या जवळ ठेवा, स्लॅब मध्यावर जास्त थरथरतो. एक दिवस ट्रेनर चालू ठेवून तुम्ही स्वतः खाली आजी-आजोबांकडे जाऊन बसा आणि ऐका. वेळ पण त्यांनाच विचारून ठरवा, दुपारची झोप सोडून. आमच्या खालच्या काकू आता स्वतःच विचारतात की आज व्यायाम झाला का नाही.

दुसरं म्हणजे घाम. बाहेर वाऱ्याने घाम सुकतो, घरात तो सगळा हँडलबार, स्टेम आणि हेडसेटवर ठिबकतो. मिठाच्या पाण्याने स्टेमचे बोल्ट आणि बार टेपखालचं ॲल्युमिनियम खराब होतं, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तर फारच पटकन. हँडलबारवर टॉवेल, टॉप ट्यूबवर घामाचं जाळीदार कापड, आणि झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, रोज. समोर मोठा पंखा हवाच, सीलिंग फॅनने काही होत नाही, वारा थेट छातीवर यायला पाहिजे. पंखा नसेल तर तेवढ्याच वॉट्सला हार्ट रेट हळूहळू चढत राहतो आणि आपल्याला वाटतं आपला फिटनेस गेला.

ट्रेनरला जोडायच्या ॲपचं म्हणाल तर झ्विफ्टला महिन्याचे पैसे पडतात, मायवूश फुकट आहे आणि २०२४ ची यूसीआयची (जागतिक सायकलिंग संघटनेची) ई-स्पोर्ट्स वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याच्यावरच झाली होती, म्हणजे फुकट असलं तरी कामाचं आहे. आधी तेच वापरा. आणि अर्ग मोडची सवय करा: त्यात ॲप वॉट्स धरून ठेवतं, तुमचं केडन्स (पेडल फिरवायचा वेग) पडलं की ट्रेनर जड होतो, मग अजून पडतं, अजून जड, शेवटी पाय अडकतात. तेव्हा जोर लावत बसायचं नाही, क्षणभर थांबून हलक्या पायाने परत सुरू करायचं.

पेडल_कोथरूड

मृदुलाताई, सह्यपेडल, मनापासून आभार. बायकोची सायकल बघितली, मागे १३५ क्विक रिलीज निघाली. खालच्या आजींशी पण बोललो, सकाळी सात ते साडेआठ चालेल म्हणाल्या. म्हणजे ट्रेनरचं डायरेक्ट ड्राइव्हकडे झुकलंय. आता रॅकचं कोणीतरी सांगा, डिकीला पट्ट्यांनी बांधायचा तो स्वस्त दिसतोय, तो घेऊन टाकू का?

टपावर_सायकल

थांबा, घाई करू नका. बलेनोची नंबर प्लेट कुठे आहे? डिकीच्या दारावर, दोन टेललाइटच्या मधे. पट्ट्यांचा रॅक लावून त्यावर दोन सायकली टांगल्या की प्लेट झाकली जाणार आणि बहुतेक एखादा टेललाइट पण. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ५० मध्ये नंबर प्लेटचं सगळं ठरवून दिलेलं आहे, प्लेट दिसली पाहिजे. आणि आता एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेट स्नॅप लॉकने बसवलेली असते, ती काढून रॅकवर लावता येत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगवून आणलेली दुसरी प्लेट म्हणजे एचएसआरपी नव्हे. चलनापेक्षा मला भीती वाटते ती वेगळीच, पावसात घाटात मागच्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेक लाइट दिसला नाही तर काय.

तरी घ्यायचाच असेल तर हे बघा. हुक पत्र्याच्या कडेला बसले पाहिजेत, काचेला किंवा वरच्या प्लास्टिकच्या स्पॉइलरला नाही. रबरी पाय जिथे टेकतात तिथलं आधी पुसून घ्या, धूळ राहिली की पॉलिश पेपरसारखी घासते आणि रंग जातो. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरला थांबून पट्टे परत आवळा, सुरुवातीला ते हमखास सैल होतात. पुढचं चाक फ्रेमला बांधा नाहीतर फिरत राहतं. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येऊ देऊ नका, गरम धुराने रबर जातं. रिव्हर्स कॅमेरा आणि सेन्सर झाकले जातील ते धरून चला. हायब्रिडची टॉप ट्यूब उतरती असेल तर आडवी दांडी मिळते, ती लागेल.

माझ्याकडे टपावरचा आहे, थुले प्रोराइड, एका सायकलला २० किलोपर्यंत चालतो, चाक न काढता फ्रेमला पकडतो. तुमच्या गाडीला रेल्स नाहीत त्यामुळे आधी क्रॉसबार (टपावरच्या आडव्या दांड्या), ते पण तुमच्या मॉडेलच्या फिट किटसकट घ्यावे लागतील. टपावर किती किलो चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, त्यात बार आणि रॅकचं वजन पण धरा. ज्यांच्या गाडीला रेल्स आहेत त्यांनी पण मॅन्युअल बघावं, कितीतरी गाड्यांचे रेल्स नुसते शोभेचे असतात.

आणि उंची! दीड मीटरची गाडी, वर सव्वा मीटर सायकल, म्हणजे पावणेतीन मीटरच्या घरात. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये ती जात नाही. मी डॅशबोर्डवर ठळक अक्षरात चिठ्ठी लावतो, वर सायकल आहे म्हणून, आणि परत आल्यावर गेटबाहेरच सायकली उतरवतो. मायलेज पडतं, वाऱ्याचा आवाज येतो, पण लाइट, प्लेट, डिकी सगळं मोकळं राहतं.

श्टुटगार्टहून

मूळचा साताऱ्याचा, आता जर्मनीत. इथे टो हुकवर (गाडीमागचा ट्रेलर ओढायचा हुक) बसणारा प्लॅटफॉर्म रॅक सगळ्यात जास्त वापरतात, त्याला स्वतःचे टेललाइट असतात आणि मूळ प्लेट झाकली जात असेल तर त्याच नंबरची दुसरी प्लेट रॅकवर लावावी लागते, कायद्यातच तशी सोय आहे. सायकली कमरेच्या उंचीवर चढवायच्या, पाठ दुखत नाही. मला तोच प्रकार सगळ्यात आवडतो. पण आपल्याकडे हॅचबॅकला टो हुक आणि दुसऱ्या प्लेटची सोय नसताना तो मागवण्यात अर्थ नाही. सुट्टीवर आलो की मी सायकल गाडीच्या आतच टाकतो.

सह्यपेडल

हेच मी लिहायला आलो होतो. दोघंच जाणार असाल तर रॅक घेऊच नका! बलेनोची मागची सीट पाडा, दोन्ही सायकलींची चाकं काढा, आरामात बसतात. खाली जुनी सतरंजी, पहिली सायकल चेनची बाजू वर करून, त्यावर चादर, मग दुसरी. हायब्रिडचे ब्रेक हायड्रॉलिक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मधे प्लास्टिकचा स्पेसर घाला आणि लिव्हर अजिबात दाबू नका, नाहीतर पॅड चिकटतात आणि वाईला पोचल्यावर चाक बसत नाही. सैल चाकं कापडी पिशवीत, डिस्कवर काही टेकू देऊ नका. चोरीचं टेन्शन नाही, पावसात सायकल भिजत नाही, घाटात गाडी डुलत नाही. ते सगळे पैसे ट्रेनरमध्ये घाला.

पेडल_कोथरूड

काल संध्याकाळी सीट पाडून बघितलं, दोन्ही बसल्या, बायकोची फ्रेम मोठी असूनही. अडचण एकच, मुलगी बरोबर येणार असेल तेव्हा सीट पाडता येत नाही. पण ती दर रविवारी येत नाही, तेव्हा रॅक सध्या बाजूला, दिवाळीनंतर क्रॉसबारचं बघू. डायरेक्ट ड्राइव्ह नक्की. एकाने वापरलेला दाखवलाय, दोन वर्षांचा, वॉरंटी संपलेली. बघायला जाताना काय तपासू?

मृदुला_ठाणे

स्वतःची सायकल आणि कॅसेट घेऊन जा, त्यांच्या सायकलवर बघू नका. निदान वीस मिनिटं चालवा, गरम झाल्यावर बेल्टचा कर्कश आवाज किंवा बेअरिंगची खरखर येते का ऐका. अर्ग मोडमध्ये १५० वॉटवरून २५० ला टाकून किती पटकन बदलतो बघा. कॅलिब्रेशन पूर्ण होतं का, फर्मवेअर अपडेट होतं का, फोनला ब्लूटूथने लगेच जोडतो का. विजेचा ॲडॉप्टर मूळचाच आहे का विचारा. आणि फ्रीहबच्या आसपास गंज दिसला तर सोडून द्या, घामाने आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही.

टपावर_सायकल

आणि मूळ बिल मागा. ट्रेनर उचलून आणायला कोणीतरी बरोबर न्या, जड असतो. लिफ्ट आहे ना?

पेडल_कोथरूड

लिफ्ट आहे. शनिवारी सकाळी जातोय बघायला, कॅसेट आणि दोन्ही स्पेसर काढून ठेवलेत.