जर्बिलच्या दोन माद्या: पाय आपटणं, बॉक्सिंग... खेळ की भांडण?

बिळातली_मावशी: आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. लेकीसाठी जर्बिलच्या (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) दोन बहिणी आणल्यात, साधारण चार महिन्यांच्या. एक मागचे पाय धडधड आपटते आणि दुसरी लगेच बिळात पळते. कधी दोघी उभ्या राहून पंजांनी एकमेकींना ढकलतात. वेगळं करावं का? एकीच्या नाकाशी लालसर डागही दिसतो. रक्त आहे का?

दाणापाणी: पाय आपटण्यावर नका जाऊ, त्यानंतर दुसरी काय करते ते बघा. थिजली किंवा बिळात शिरली, तर तो धोक्याचा इशारा. कारण बहुतेक वेळा घरातच असतं: व्हॅक्युम क्लीनर, दार आपटणं, वरून अचानक आलेला हात. हात बाजूने, तळाशी टेकवून न्या. पण पाठलाग आणि अंगावर चढणं चालू असेल, तर एकजण माजावर आहे. काही तासांत निवतं.

कुरतड: खेळातल्या बॉक्सिंगमध्ये चिवचिवाट असतो, आळीपाळीने ढकलाढकली होते आणि मग दोघी एकमेकींचं अंग साफ करून एकाच ढिगात झोपतात. ते असेल तर हात लावू नका.

काळजी कधी करायची? केस फुलवून, डोकं खाली घालून एक तिरकी चालत येते, शेपूट सटासट हलवते, दात वाजवते. दुसरीला खाण्याजवळ किंवा घरट्यात येऊ देत नाही. दुसरी कोपऱ्यात एकटी झोपायला लागली की वेळ थोडा उरलाय समजा. खरी मारामारी बहुधा मुकाट होते, दोघींचा एकच गोळा होऊन गडगडतो. चावे शेपटीच्या बुडाशी बसतात.

तेव्हा उघडा हात घालू नका. जाड हातमोजा घाला किंवा केरभरणी मध्ये सरकवा. शेपटी धरून तर कधीच उचलू नका, कातडी सोलून हातात येते आणि ती परत येत नाही.

रक्त निघालं की "जरा शांत झाल्या, सोडू परत" हे करू नका. त्या राहतात त्या टाकीत मधोमध बारीक जाळी लावा, दोघींच्या बाजू दिवसातून तीन-चारदा बदला. निदान आठवडाभर. जाळीला लागून शेजारी झोपायला लागल्या की मगच जाळी काढा, तीही दिवसभर लक्ष ठेवता येईल त्या दिवशी.

आणि पूर्ण टाकी एकदम धुऊ नका. ओळख वासावर चालते. एक तृतीयांश बेडिंग (तळाशी अंथरलेला भुसा किंवा कागद) बदला, घरटं तसंच ठेवा.

बिळातली_मावशी: झोपतात एकत्रच. बेडिंग 8 सेंमी आहे.

दाणापाणी: मग वेगळं नका करू. पण 8 सेंमीत बोगदा टिकत नाही, किमान 25 करा. कागदी बेडिंगमध्ये गवत मिसळलं की बोगदे कोसळत नाहीत. बिळाची सोय नसली की कोपरा तासन् तास उकरत बसण्याची सवय लागते, आणि लोकांना वाटतं किती चपळ आहे!

चष्मेवाला_पशुवैद्य: नाकाजवळचं लाल बहुधा रक्त नाही, डोळ्यामागच्या ग्रंथीचा लाल स्राव आहे. धुळकट किंवा पाइनचं बेडिंग, दमट हवा, ताण, यांनी तो साचतो. बेडिंग बदला, अंघोळीला वाळू द्या. मात्र श्वासाला टकटक आवाज, अंग फुगवून कुबड काढून बसणं, अर्धमिटले डोळे यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या. हातात घेताच कान मागे करून थरथरली, तर फिट असू शकते. खाली ठेवा, दिवा मंद करा, चोळू नका. मिनिट-दोन मिनिटांत ओसरते.