मदत हवी आहे: बाकी ऑर्डरी वर, दिलेल्या खाली. जमेना!

गंगावेशी_गडी: पाहुण्यांच्या चप्पल दुकानाचं सॉफ्टवेअर करतोय. बाकी ऑर्डरी वर पाहिजेत, त्यात तारीख जवळची ती आधी. देऊन झालेल्या खाली, त्यात ताजी आधी. क्वेरीत क्रम लावणाऱ्या 'ऑर्डर बाय'मध्ये 'केस' (अट) लिहून आतच 'एएससी' (चढता क्रम), 'डीईएससी' (उतरता क्रम) घातलं तर एरर. संध्याकाळी दाखवायचंय, पटकन सांगा.

रंकाळा_कट्टा: डेटाबेस कुठला? क्वेरी टाका की.

गंगावेशी_गडी: सिंटॅक्स एरर आहे हो, अजून काय सांगू!

रंकाळा_कट्टा: भावा, डेटाबेस विचारला.

गंगावेशी_गडी: मायएसक्यूएल.

जुना_हिशेबनीस: एवढ्यासाठी डेटाबेस कशाला? एक्सेलला दोन फिल्टर लावले की झालं. मी वीस वर्षं तेच करतोय.

पोस्टग्रेसवाला: दोन वेगळ्या सिलेक्ट क्वेरी, मध्ये त्यांना जोडणारं युनियन ऑल. आणि जमलं तर मायएसक्यूएल सोडा.

रंकाळा_कट्टा: युनियनच्या आतल्या 'ऑर्डर बाय'ला मायएसक्यूएल लिमिट नसेल तर विचारतसुद्धा नाही. उगं पोराला खड्ड्यात घालू नका. गड्या, केस फक्त किंमत देतं, दिशा नाही. दिशा 'एंड'च्या बाहेर लिहायची:

ऑर्डर बाय
केस व्हेन स्थिती = 'बाकी' देन ० एल्स १ एंड,
केस व्हेन स्थिती = 'बाकी' देन देय_तारीख एंड एएससी,
केस व्हेन स्थिती = 'दिली' देन दिल्याची_तारीख एंड डीईएससी

पहिल्या ओळीनं गट पडतात. पुढच्या दोन ओळी आपापल्या गटापुरत्या. दुसऱ्या गटात नुसता नल (रिकामी किंमत) येतो, त्यानं काही बिघडत नाही.

तांबडा_पांढरा: कापशी चप्पल नऊ नंबर मिळेल का तिथं? करकर वाजणारी पाहिजे.

इंडेक्सप्रेमी: अशा केसवर सॉर्टला साधा इंडेक्स (शोध पटकन व्हावा म्हणून केलेली सूची) वापरता येत नाही, फाइलसॉर्ट होतो, म्हणजे सगळ्या ओळी वेगळ्या लावाव्या लागतात. लाखो ओळी झाल्या की रडाल.

गंगावेशी_गडी: तीनशे ऑर्डरी आहेत हो. एरर गेला, पण ०२/०७ ची ऑर्डर २८/०६ च्या वर येतेय!

रंकाळा_कट्टा: तारखेचा कॉलम व्हारकॅर (नुसता मजकूर) आहे ना?

गंगावेशी_गडी: हो. ते सांगायला पाहिजे होतं का?

रंकाळा_कट्टा: 😑 मग अक्षरं लावतोय तो, तारखा नाही. आज मजकुराची तारीख करणारं 'एसटीआर_टू_डेट' वापरून भागव, उद्या कॉलमच डेट कर. आणि 'सवडीनं नेतो' म्हणणाऱ्यांची तारीख नल असली तर ते सगळ्यात वर येतील. दुसऱ्या ओळीच्या आधी स्थिती = 'बाकी' अँड देय_तारीख इज नल अशी एक ओळ घाल.

पोस्टग्रेसवाला: आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये चढत्या क्रमात नल आपोआप खाली जातात. नाहीतर 'नल्स लास्ट' लिहायचं.

रंकाळा_कट्टा: तुमच्याकडं सगळंच भारी. दुकान त्यांचं मायएसक्यूएलवर आहे.

गंगावेशी_गडी: लागलं! पाहुणे खूश. आता विचारतायत, रद्द झालेल्या कुठं गेल्या?

रंकाळा_कट्टा: तळाला. त्यांना दिल्याची तारीखच नाही, आणि डीईएससीत नल शेवटी.

तांबडा_पांढरा: नऊ नंबरचं विचारलंत का?