तीन फुटी टाकीत ‘वेगळे’ मासे: थर जुळवायचे की खाण्याचा वेग?

काचवाला

‘तीन फुटी टाकीत वेगळे मासे एकत्र ठेवता येतील का?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं: वेगळा हवा तर एकच ठेवा, सोबत कोणी नको. मला हे आळशी उत्तर वाटतं. मासे भांडतात ते बहुतेक जागेवरून. थर बघून, म्हणजे कोण पाण्याच्या वर, कोण मध्ये, कोण तळाला राहतो ते बघून निवड केली तर ३ बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत चार-पाच जाती सुखाने राहाव्यात.

माझी मांडणी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या संथ, सावलीच्या पाण्यातल्या माशांची आहे. अगदी वर आफ्रिकन बटरफ्लाय फिश २. मध्ये काँगो टेट्रा ८ आणि लेपर्ड बुशफिश १. लाकडाच्या पोटाखाली अपसाइड डाउन कॅटफिश ४. तळाला बारीक वाळूत एलिफंट नोज १. सगळ्यांना २५ ते २७ अंश तापमान, मऊ ते मध्यम पाणी आणि ७ च्या आसपास पीएच चालतो. पूर्ण वाढलेले विकत घेतले तर कोणी कोणाच्या तोंडात मावत नाही. यात चूक कुठे आहे ते सांगा.

मुठाकाठ

चूक पहिल्याच गृहीतकात आहे. थर दिसतात ते दिवा चालू असताना. दिवा मालवला की अपसाइड डाउन कॅटफिश लाकडाखालून सुटतात आणि वरपासून खालपर्यंत सगळीकडे चरतात. एलिफंट नोज खायला निघतो तोही त्याच वेळी, आणि दोघांनाही हवे असतात ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या. म्हणजे दिवसा वेगवेगळ्या मजल्यांवर राहणारी मंडळी रात्री एकाच ताटावर.

एकत्र राहणं ठरतं ते खाण्याच्या वेगावर. एलिफंट नोज सोंडेसारख्या हनुवटीने वाळू चाचपत, विजेच्या अगदी मंद लहरी सोडत एकेक अळी शोधतो. त्याच्या शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास ६० टक्के एकटा मेंदू वापरतो, त्यामुळे उपास त्याला झेपत नाही. शेजारी चार कॅटफिश असतील तर तो शोधत राहतो आणि ते खाऊन मोकळे होतात. मग पाठ धारदार दिसायला लागते, पोट आत जातं, आणि मालक म्हणतो, ‘भांडण तर कधीच दिसलं नाही.’ दिसणार कसं? भांडण झालंच नव्हतं.

शिवाय तो २० सेंटिमीटरच्या वर जातो. तीन फुटी टाकीत नकोच.

आता लिटरचा हिशेब. ३६ बाय १८ बाय १८ इंच म्हणजे कागदावर १९० लिटर. बटरफ्लाय ठेवायचा म्हणून वर तीन इंच हवा सोडलीत, खाली दीड इंच वाळू टाकलीत, तर उरलं साधारण १४५. लाकूड-दगड वजा करा, १३५ धरा. यादी १९० ची आहे, पाणी १३५ चं.

शेवाळ

मुठाकाठ यांचा एलिफंट नोजबद्दलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यावरून ‘थर हा भ्रम’ म्हणणं जास्त होतंय. बटरफ्लाय फिश बुडालेल्या खाद्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याचं तोंड वर वळलेलं, डोळे वर. तो खऱ्या अर्थाने वरच्या थराचा मासा आहे, दिवसा आणि रात्रीही.

त्याच्या बाबतीत बिघडतं ते तीन गोष्टींनी. एक, काठाला लटकवलेल्या हँग-ऑन फिल्टरचा धबधबा. पाण्याचा वरचा पडदा हलत राहिला की तो कोपऱ्यात दबून बसतो आणि खाणं टाकतो. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधा किंवा सरळ दोन स्पंज फिल्टर लावा. दोन, झाकण. हा मासा उडी मारतो, आणि हीटरच्या वायरसाठी सोडलेली बोटभर फट त्याला पुरते. तीन, पोटाखाली लोंबणारे पंखांचे लांब धागे. टायगर बार्ब, सर्पे टेट्रा किंवा पफर सोबत असेल तर आठवड्यात ते धागे गायब.

काँगो टेट्रा पंख कुरतडत नाहीत, पण तरंगतं खाद्य मिनिटभरात फस्त करतात. म्हणून क्रम पाळायचा. आधी टाकीच्या एका टोकाला बुडणारी बारीक गोळी टाकून टेट्रांना तिकडे गुंतवायचं. मग दुसऱ्या टोकाला, तरंगत्या वनस्पतींच्या मधल्या मोकळ्या जागेत, लांब चिमट्याने रातकिडा किंवा मीलवर्म पाण्यावर ठेवायचा. दिवा मालवून अर्ध्या तासाने कॅटफिशसाठी बुडणाऱ्या वड्या. तीन पंगती लावायची तयारी नसेल तर ही टाकी करू नये.

मुठाकाठ

म्हणजे शेवटी मुद्दा पंगतींवरच आला ना!

नवशिक्या_कोथरूड

एलिफंट नोजऐवजी ब्लॅक घोस्ट चालेल का? किंवा सेनेगल बिचिर? दुकानदार म्हणाले की मासा टाकीएवढाच वाढतो, जास्त नाही.

शेवाळ

मासा टाकीएवढा वाढत नाही, टाकीत खुरटतो. पाण्यात नायट्रेट साचतं, वाढ अडते, मासा अर्ध्या आयुष्यात जातो, आणि ‘टाकीएवढाच वाढला’ हे वाक्य खरं ठरतं. ब्लॅक घोस्ट चार इंचाचा मिळतो आणि पुढे ४५ सेंटिमीटरपर्यंत जातो. तुमची टाकी आडवी ४५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे त्याला वळताही येणार नाही.

सेनेगल बिचिर ३० सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. एकटा असेल तर साडेतीन-चार फुटी टाकीत चालतो. मात्र तो आला की यादी बदलते, कारण तोंडात मावेल ते रात्री खाणारच. दुकानाबाहेर तशी पुणेरी पाटीच लावायला हवी. आणि त्याच्यासोबत शेवाळ साफ करायला म्हणून सकर मासा टाकू नका. सकर रात्री संथ माशांच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खरवडतो. बिचिरच्या अंगावर गोल पांढुरके डाग दिसले की लोक बुरशीचं औषध घालतात. कारण शेजारच्या काचेला चिकटलेलं असतं.

तळगाळ

सगळे आफ्रिकेत का निघालेत? आपल्याकडचे मासे कमी वेगळे आहेत का? पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोच आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमधला. आठ-नऊ सेंटिमीटरचा, शांत, गोगलगायींचा कर्दनकाळ. काचेसारखा आरपार दिसणारा इंडियन ग्लासफिश आहे. रंग बदलणारा बॅडिस आहे. वाळूत मान बाहेर काढून बसणारा छोटा पट्टेरी वामही मिळतो. १३५ लिटरमध्ये ६ झेब्रा लोच, ८ ग्लासफिश, बॅडिसची एक जोडी. पाणी सारखं, खाणं सारखं, आणि बटरफ्लायसारखे चोचले नाहीत. ग्लासफिश घेताना पाठीवर गुलाबी-हिरवी रेघ असेल तर घेऊ नका. तो रंग सुईने टोचलेला असतो, काही महिन्यांत उडतो, आणि टोचताना झालेल्या जखमांनी मासे मरतात.

काचवाला

बॅडिस मान्य, ग्लासफिश मान्य. झेब्रा लोचला माझा विरोध आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. बाजारात येणारे बरेचसे थेट ओढ्या-नद्यांमधून पकडलेले असतात. ‘आपला मासा’ म्हणून अभिमानाने ठेवायचा आणि आपल्याच घाटातून कमी करायचा, हे मला जुळत नाही. पश्चिम घाटातल्याच डेनिसन बार्बचंही तेच, तोही संकटग्रस्त. त्याची हॅचरीतली, म्हणजे पैदास केंद्रातली पिल्लं तरी मिळतात, लोचच्या बाबतीत दुकानदाराला विचारून बघा, उत्तर सहसा हसण्यातच मिळतं.

तळगाळ

संकटग्रस्त आहे हे बरोबर. पण मग एलिफंट नोज आणि बटरफ्लाय काय हॅचरीतून येतात? तेही रानातूनच पकडलेले, फक्त ती नदी आपल्याला दिसत नाही. नियम लावायचा तर दोन्हीकडे लावा. लोच वगळून त्याच्या जागी पैदास केलेले कुली किंवा यो-यो लोच घ्या, माझी हरकत नाही. यो-यो मात्र १२-१३ सेंटिमीटर होतो आणि पाचपेक्षा कमी ठेवला तर इतरांच्या मागे लागतो.

डेनिसन तीन फुटी टाकीत कोणी टाकू नये, रानातला असो वा हॅचरीतला. तो सरळ रेषेत पोहणारा, सहाच्या झुंडीतला मासा. चार फूट लांबी ही सुरुवात.

गुरुवारचं_पाणी

सगळे माशांवर बोलताहेत, पाण्यावर कोणी नाही. पुण्यात तीच अर्धी निवड आहे.

खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं. आफ्रिकन यादी त्यात बसते. पण तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअर मिसळत असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कितीतरी वर जातो, आणि उन्हाळ्यात तर आठवड्या-आठवड्याला बदलतो. वीस-तीस रुपयांच्या माशाला ते झेपेल, रानातून आलेल्या बटरफ्लायला नाही. टीडीएस मीटर घ्या आणि महिनाभर आकडे लिहून मग मासे ठरवा. सतत कठीण पाणी असेल तर ग्लासफिशकडे वळा, त्याला ते मानवतं.

दुसरं, दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं तो गुरुवार. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी कमी दाबाने, कधी गढूळ आणि कधी क्लोरीनचा भपकारा घेऊन येतं. पाणी बदलायचा वार मंगळवार-बुधवार ठेवा. दर आठवड्याला ४० लिटर, म्हणजे मोठ्या दोन बादल्या. क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे ५० लिटरला १ ग्रॅम पुरतात. दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर मोजा, चिमटीने नको.

तिसरं, थंडी. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा १० च्या खाली जातो आणि हीटर नसलेल्या टाकीचं पाणी २० च्या आसपास येतं. एवढ्या पाण्याला १५० वॅटचा हीटर लागतोच. एप्रिल-मेमध्ये उलट, पाणी ३० च्या पुढे. काँगो टेट्रा कसेबसे काढतात. झेब्रा लोचसारखे ओढ्यातले मासे मात्र तोंड वर काढून धापा टाकतात, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. पण पंख्यासाठी झाकण उघडं लागतं आणि बटरफ्लायसाठी बंद! तेव्हा काचेच्या जागी बारीक जाळीची चौकट बसवा. रोज काही लिटर पाणी उडेल, ते नितळ साध्या पाण्याने भरा.

या हिशेबाने ओढ्यातले आणि आफ्रिकन एकाच टाकीत घालणं बाद. एकाला थंड, वाहतं पाणी हवं, दुसऱ्याला उबदार, थांबलेलं.

नवशिक्या_कोथरूड

आणि मोठा झाला तर पाषाण तलावात सोडता येईल ना?

तळगाळ

अजिबात नाही. सकर मासा उजनीच्या जाळ्यांत सापडतो तो असाच कोणाच्या तरी ‘दये’मुळे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अॅलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकेतला मासा निघाला, तोही तिथला नव्हेच. परत घेणारं दुकान आधी शोधा, मासा नंतर.

काचवाला

ठीक. एलिफंट नोज काढला. टेट्रा आठाचे सहा केले, दोन नर आणि चार माद्या. बुशफिश ठेवतोय, कारण तो दबा धरून खाणारा आहे आणि चिमट्यावर लवकर येतो. कॅटफिश चार. बटरफ्लाय दोन. तळाला कोणीही नाही, तळ कॅटफिशचाच. शेवाळ यांच्या तीन पंगती मान्य, गुरुवारचं_पाणी यांची जाळीची चौकट मान्य. पण थरांचा मुद्दा मी सोडलेला नाही. बटरफ्लाय आणि कॅटफिश एकमेकांना कधी आडवे येत नाहीत, ते थरामुळेच.

मुठाकाठ

येतील. बटरफ्लाय रात्री तरंगत्या पानांखाली स्थिर असतो आणि कॅटफिश उलटे पोहत त्याच पानांचा खालचा भाग चाटतात. अपाय करणार नाहीत, पण धक्का लागला की बटरफ्लाय दचकून उडी मारतो. म्हणून तरंगती वनस्पती सलग पसरू देऊ नका. साल्व्हिनिया किंवा वॉटर लेट्यूस अर्ध्या भागात, नायलॉनच्या दोऱ्याचं कडं करून अडकवा. नदीतली जलपर्णी उचलून आणू नका, तिच्यासोबत काय काय येईल ते मोजता येणार नाही.

बुशफिश घेताना टेट्रा आधी वाढवा. पाच-सहा सेंटिमीटरचे झाले की मगच तो आणा. त्याचं तोंड मिटलेलं असताना छोटं दिसतं, उघडलं की नळीसारखं पुढे येतं. दुकानातल्या तीन सेंटिमीटरच्या टेट्रांना ते पुरेसं आहे.

आणण्याचा क्रमही महत्त्वाचा. टाकी मासे न घालता पाच-सहा आठवडे चालवा. अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं चाचणीत शून्य आली की टेट्रा. महिन्याने कॅटफिश. बटरफ्लाय आणि बुशफिश सर्वांत शेवटी, आणि तेही आधी ४० लिटरच्या वेगळ्या टबात तीन-चार आठवडे. तिथे ते चिमट्यावरून खायला लागल्याशिवाय मोठ्या टाकीत हलवू नका. टबालाही झाकण हवं.

शेवाळ

एकच भर. रातकिडे बागेतून पकडून घालू नका, तिथे फवारणी झालेली असते. आणि मीलवर्म रोज नको, चरबी फार. आठवड्यातून दोनदा, एका माशाला दोन-तीन.