हम घालवायला अर्थिंगची वायर काढू नका, आधी पेडलची टाच दाबून बघा

हवाईयन_पंचवटी (धागा सुरू करणारा)

गणपती-नवरात्र जवळ आले की नाशिकच्या ऑर्केस्ट्रावाल्यांत एक उपाय हमखास सांगितला जातो. इलेक्ट्रिक हवाईयन गिटारला (आडवी ठेवून तारांवर स्टीलचा बार फिरवत वाजवतात ती) व्हॉल्यूम पेडल, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायचं पेडल, लावलं आणि अँपमधून घुंऽऽ असा हम यायला लागला, की अँपच्या थ्री पिन टॉपमधली हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, काढून ठेवायची. बऱ्याचदा हम कमी होतो, म्हणून हा उपाय टिकून आहे. माझ्या मते तो ताबडतोब बंद व्हायला हवा.

हवाईयन वाजवणारा कसा बसतो ते डोळ्यांसमोर आणा. डाव्या हातात स्टीलचा बार, तो सतत तारांवर. तारा ब्रिजमधून केबलच्या जाळीला (आतल्या सिग्नलच्या तारेभोवतीच्या विणलेल्या वायरीला) जोडलेल्या, जाळी अँपच्या चासिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला. पाय पेडलवर, आणि धातूच्या पेडलची बॉडीही त्याच जाळीला. त्यात आपल्याकडे स्टेजवर चपला काढूनच बसायची पद्धत. अँपच्या आत फेज चासिसला टेकली आणि हिरवी वायर जागेवर असली, तर फ्यूज उडतो आणि विषय संपतो. ती काढलेली असेल तर २३० व्होल्ट बारवर आणि पेडलवर येऊन थांबतात. मग समोरच्या माइकला हात लागला किंवा सतरंजी ओली असली तरी पुरे.

आता हमचं बघू. साध्या पॅसिव्ह पेडलमध्ये वीज नसते, आत फक्त एक पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रोध, असतो. ते स्वतः हम तयार करत नाही, आत येऊ देतं. म्हणून आधी टाच पूर्ण दाबा, म्हणजे आवाज शून्य. तरीही हम तेवढाच राहिला तर दोष पेडलच्या पुढे आहे: अँपकडे जाणारी केबल, अँप किंवा अर्थचा लूप (अर्थ दोन वाटांनी जोडली जाऊन झालेलं वेटोळं). (पॉटच्या खालच्या टोकाची अर्थ तुटली असेल तर आवाज शून्यावर येतच नाही, ते लगेच कळतं.) टाच दाबल्यावर हम गेला आणि पंजा दाबताना वाढत गेला, तर तो गिटार किंवा अलीकडच्या केबलमधून येतोय. आणि दोन्ही टोकांना शांत, मध्येच जोरात असेल, तर पेडलचा स्वभावच कारणीभूत आहे. २५० किलोओहमचा पॉट अर्ध्यावर असताना त्याचा आउटपुट रोध ६० किलोओहमच्या वर जातो. एवढ्या रोधावर पुढची लांब केबल आजूबाजूचा ५० हर्ट्झ सहज ओढते. यातल्या एकाही दोषासाठी हिरव्या वायरला हात लावावा लागत नाही.

मंडप_साउंड

काका, तुमचं शास्त्र चुकीचं म्हणत नाही, पण मंडपातली परिस्थिती वेगळी असते. पाहुणे येऊन बसलेले असतात आणि स्टेजवर घुंऽऽ चालू. तेव्हा टाच-पंजा करत बसायला कोणी वेळ देत नाही. गिटारचा अँप स्टेजमागच्या बोर्डावर, मिक्सर समोर पन्नास फुटांवर दुसऱ्याच बोर्डावर. अँपची लाईन मिक्सरला गेली की दोन अर्थांमध्ये लूप होतो. एका बाजूची अर्थ सोडली की लूप तुटतो, हे तुम्हालाही मान्य असेल. शिवाय अँप बिनअर्थचा राहतो असंही नाही. मिक्सरची अर्थ केबलच्या जाळीतून अँपला मिळतेच. उगाच लोकांना घाबरवू नका.

सातपूर_वायरमन

भाऊ, इथे मला बोललंच पाहिजे. ऑडिओ केबलची जाळी सिग्नलसाठी असते, फॉल्टचा करंट वाहायला नाही. फ्यूज उडेपर्यंत ती टिकेल याची खात्री कोण देणार? आणि मध्यंतरात कोणी ती केबल उपसली की अँपची अर्थ त्याच क्षणी गेली. वाजवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हे घाबरवणं नाही. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे १९७२ मध्ये स्वान्सीच्या स्टेजवर, प्रेक्षकांसमोर, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना गेला, तिथेही अर्थिंगच सदोष होतं.

लूप तोडायचाच असेल तर सिग्नलच्या बाजूने तोडा. अँप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) ठेवा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. तिथे फक्त जाळी सुटते, मेनची अर्थ जागेवर राहते. त्याहून सोपं म्हणजे मिक्सरच्याच बोर्डावरून थ्री कोर वायर स्टेजपर्यंत न्या आणि अँप त्यावर लावा.

जनरेटर असेल तर अर्थ रॉड जमिनीत ठोकलाय का, हे आधी बघा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत अजून टू पिनचं वायरिंग सापडतं, तिथे थ्री पिन सॉकेट नुसतं शोभेला बसवलेलं असू शकतं. मीटर फेज आणि अर्थमध्ये लावा. साधारण २३० दाखवलं नाही तर पेडल, अँप, केबल यांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

गंगापूररोड_गिटार

अर्थिंगबद्दल वायरमनदादांशी सहमत. पण काका, पेडलला तुम्ही फार सहज सोडून दिलंत. मधल्या जागी हम येतो हे तुम्हीच लिहिलंत, आणि हवाईयनवाला सगळा वेळ असतो मध्येच! शिवाय नुसता हम नाही, आवाजाची धारही जाते. साधारण केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर दहा मीटरला १००० होते. ६० किलोओहमबरोबर ती अडीच हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापायला लागते. मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, चमक तिथेच असते. म्हणून माझं मत: पॅसिव्ह पेडल विकून टाका. आधी बफर (सिग्नल कमी रोधाचा करून पुढे देणारं छोटं सर्किट), मग २५ किलोओहमचं पेडल. अर्ध्यावर रोध सहा-साडेसहा किलोओहम. प्रश्न मिटला.

हवाईयन_पंचवटी

प्रश्न मिटत नाही, जागा बदलतो. बफरला वीज लागते. लोक त्याला टू पिनचा स्वस्त अडॅप्टर लावतात, आणि त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून मेनची गळती थेट सिग्नलच्या अर्थमध्ये येते. हम जाऊन किरकिर येते. बफर लावायचाच असेल तर ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. आणि नव्या मुलांसाठी सांगतो: बफर न लावता साधा पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारी गिटारवरची कॉइल) सरळ २५ किलोओहमच्या पेडलला जोडू नका. आवाज दबतो, गिटार आजारी वाटते.

माझा उपाय बिनखर्चाचा आहे. पेडल ते अँप केबल जमेल तेवढी छोटी ठेवा. अँप पायाशी आणा, लांबी वाढवायचीच तर अँपच्या पुढे वाढवा. आणि पेडलच्या ट्यूनर आउटला अडॅप्टरवाला ट्यूनर लावला असेल तर तो आधी उपसा. लूपची ती दुसरी वाट असते आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

बेसवाला_सिडको

कानाने ओळखायची एक खूण देतो. बेसच्या चौथ्या तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे ४९ हर्ट्झ. हम त्याच्या किंचित वर लागत असेल तर तो ५० चा: अर्थ, लूप, केबल किंवा पिकअप. दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटच्या, म्हणजे ९८ हर्ट्झच्या, किंचित वर लागला तर १०० चा, आणि संशय अँपच्या पॉवर सप्लायवर. अँपच्या इनपुटमधली केबल काढूनही तो तसाच राहिला तर फिल्टर कपॅसिटर तपासून घ्या. पेडलवाल्यांनी एकमेकांवर चिडू नये.

कीबोर्डवाली_कॉलेजरोड

मला मुळात पेडलचाच आग्रह समजत नाही. गिटारवर नॉब आहे, करंगळीने फिरवा. एक डबा आणि एक केबल कमी झाली की तक्रारीच्या जागाही कमी.

हवाईयन_पंचवटी

ताई, उजव्या हातात नखल्या असतात, करंगळी नॉबपर्यंत पोचेस्तोवर सूर विझलेला असतो. तार छेडताना पेडल मागे ठेवायचं आणि छेडल्यावर हळूच पुढे न्यायचं, म्हणजे ठोका ऐकू येत नाही आणि सूर गळ्यातून उमटल्यासारखा येतो. तार विझत जाते तसा पाय पुढे सरकतो आणि सूर लांबतो. जुन्या गाण्यांमधला तो विव्हळणारा तुकडा नॉबने काढून दाखवा, मी पेडल उद्याच सोडतो.

सातपूर_वायरमन

घरी रियाजाला हम येणाऱ्यांसाठी: पंख्याचा रेग्युलेटर बघा. साधा इलेक्ट्रॉनिक डिमरसारखा असेल तर तो वीज कापून-कापून सोडतो आणि सिंगल कॉइल पिकअप ते उचलतो. पंखा पूर्ण बंद करा. किरकिर थांबली तर तुमचं पेडल निर्दोष आहे. स्टेप कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवून घ्या. तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर घाबरू नका, ते गिटारचं शील्डिंग, म्हणजे बाहेरची गडबड अडवणारं आवरण, कमी असल्याचं लक्षण आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी उलट लागल्यात. आणि हाताला झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा.

मंडप_साउंड

थ्री कोर वायर एकाच बोर्डावरून आणायला माझी हरकत नाही. पण मंडळ बजेट ठरवताना वायरचे मीटर मोजतं, आणि डीआय म्हटलं की "ते काय असतं?" विचारतं. पैसे वादकांनीही मागायला हवेत, नुसते साउंडवाल्याने नाही. बफरबद्दल मात्र मी गंगापूररोडच्या बाजूने आहे. बॅटरी ऐन कार्यक्रमात उतरली तर शिव्या मलाच बसतात, तरीही आवाज स्वच्छ येतो तो बफरनेच.

हवाईयन_पंचवटी

बफरचं बघू, त्यावर माझं मत तेच. नवरात्रातल्या कार्यक्रमाला डीआय मी आणतो, वायरचे पैसे माझ्या मानधनातून कापून घे. फक्त येताना तुझ्याकडचे सगळे टॉप उघडून बघ आणि हिरव्या वायरी परत जोडून ये.