ग्रँड प्री लेजंड्स हा गाड्यांच्या शर्यतीचा कॉम्प्युटर गेम कुणाला आठवतो का? आणि तो बनवणाऱ्याचं पुढे काय झालं?

माळ्यावरची_पेटी

दिवाळीच्या साफसफाईत साताऱ्याच्या घरी माळ्यावरून दादाची सीडींची पेटी खाली काढली. त्यात ग्रँड प्री लेजंड्सची सीडी निघाली. सिएरा कंपनीची, १९९८ची.

दादा तेव्हा मुंबईला इंजिनिअरिंगला होता. लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेलं व्हूडू ग्राफिक्स कार्ड आणि स्टिअरिंग व्हील घेऊन तो सुट्टीला घरी आला होता, त्यांच्यासोबत ही सीडी. व्हील टेबलाला क्लॅम्पनं घट्ट आवळावं लागे. त्या क्लॅम्पचे दोन वळ टेबलाच्या सनमायकावर अजून आहेत, आज सकाळी बोट फिरवून पाहिलं.

मी नववीत होतो. मला त्या गेममध्ये एक लॅपसुद्धा (ट्रॅकची एक फेरी) कधी पुरा करता आला नाही. रेस दिली की गाडी गोल फिरून गवतात जायची. दादा मात्र जेवणं झाली की दार लावून बसायचा आणि तासभर आतून फक्त इंजिनाचा आवाज यायचा. शाळेत सगळे रोड रॅश आणि नीड फॉर स्पीडबद्दल बोलायचे, ह्या गेमचं नाव मी दादाशिवाय कुणाच्याच तोंडून ऐकलं नाही.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हा गेम इतका विसरला का गेला? तो बनवणारे डेव्हिड केमर पुढे कुठे गेले? आणि त्यात ‘मुरासामा’ नावाची एक गाडी होती, ती खरी होती का? दादा आता नागपूरला असतो, त्याला हे सगळं सांगायचंय.

मागचा_एक्सल

पेटी जपून ठेवा. तुमच्या दादांसारखाच मीही त्या काळात दार लावून बसणारा.

मुरासामा म्हणजे होंडा. खरं नाव वापरायची परवानगी नव्हती म्हणून नाव बदललं. तसंच कूपरचं ‘कोव्हेंट्री’ झालं. लोटस, ब्रॅबॅम, ईगल, फेरारी, बीआरएम ही नावं खरी आहेत.

गेम आहे १९६७च्या फॉर्म्युला वनचा. हे वर्ष बनवणाऱ्यांनी विचार करून निवडलं. १९६८पासून गाड्यांना हवेच्या जोरानं रस्त्यावर दाबून धरणारे पंख लागले आणि अंगावर जाहिराती आल्या. १९६७ची गाडी म्हणजे एक सिगारच्या आकाराची नळी, चार बारीक टायर, आणि मागे सुमारे ४०० अश्वशक्तीचं इंजिन. वजन जेमतेम ५०० किलो. म्हणजे आपल्या मारुती ८००पेक्षा हलकी गाडी आणि ताकद तिच्या दहा पटींहून जास्त. लोटस ४९ पहिल्यांदा उतरली ती जून १९६७मध्ये नेदरलँड्सच्या झांडफोर्ट ट्रॅकवर, आणि ड्रायव्हर जिम क्लार्कनं ती पहिलीच शर्यत जिंकली. रस्त्याला धरून ठेवायला त्या गाडीकडे टायरांशिवाय काहीच नव्हतं. केमर आणि त्यांच्या पपायरस कंपनीतल्या माणसांनी तीच गाडी, काहीही सोपं न करता, आपल्या टेबलावर आणून ठेवली.

तुमची गाडी गवतात का जायची ते सांगतो. फ्रान्समधला रुआँचा ट्रॅक आठवा. सुरुवातीची रेषा ओलांडली की रस्ता जंगलातून उतरायला लागतो, एकामागून एक वेगवान वळणं, आणि तळाशी दगडी फरसबंदीचं एकदम बंद वळण. वरच्या वळणात मनात भीती आली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की भार पुढच्या चाकांकडे सरकतो. मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर येते. नववीतल्या मुलाचा पाय तिथे उचलला जाणारच, मोठ्यांचाही जातो. करायचं ते असं: ब्रेक मारायचा तो गाडी सरळ असतानाच, आणि वळणात पाय किंचित दाबून धरायचा, म्हणजे मागच्या चाकांवर वजन राहतं. हे जमलं की गाडी चारही चाकांवर तिरकी सरकत वळणातून निघते आणि त्या वेळी हातातलं स्टिअरिंग जवळजवळ सरळ असतं. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मी आज चाकणला गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. भार पुढे-मागे कसा जातो हे मला पुस्तकात वाचण्याआधी ह्या गेमनं हाताला शिकवलं.

रुआँबद्दल आणखी एक. १९६७ची फ्रेंच शर्यत खरं तर रुआँला झालीच नाही, ल माँच्या छोट्या बुगाटी सर्किटवर झाली. ते सर्किट नीरस होतं, म्हणून गेममध्ये त्याच्या जागी रुआँ घातलं. इतक्या काटेकोर माणसांनी फक्त इथे इतिहास बाजूला ठेवला, आणि माझ्या मते योग्यच केलं.

विसरला का गेला? १९९८च्या घरगुती कॉम्प्युटरांना तो झेपत नव्हता. चित्र नीट दिसायला थ्रीडीएफएक्स किंवा रेंडिशन कंपनीचं ग्राफिक्स कार्ड लागे, खेळायला स्टिअरिंग व्हील लागे. आपल्याकडे तेव्हा किती घरांत ह्या दोन्ही गोष्टी होत्या? त्यात तीस वर्षांपूर्वीच्या शर्यती, ज्यांतले बहुतेक ड्रायव्हर नव्या खेळणाऱ्यांना माहीतच नव्हते. परीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण दुकानात तो चालला नाही.

एक आठवण सांगून थांबतो. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकचा एक लॅप जवळपास २३ किलोमीटरचा. खुद्द क्लार्कची १९६७ची पोलची (शर्यतीआधीच्या सरावातली सर्वांत जलद लॅपची) वेळ ८ मिनिटं ४.१ सेकंद. मी नऊ मिनिटांच्या आत यायला चार महिने धडपडत होतो. एका संध्याकाळी शेवटची लांब सरळ रेषा दिसायला लागली, घड्याळात साडेआठ मिनिटं, आणि लोडशेडिंग. अंधारात व्हील धरून मी किती तरी वेळ तसाच बसून होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठलो, वीज असताना, आणि ८ मिनिटं ५२ला लॅप पुरा केला.

चार्ल्स_नदीकाठ

केमरांबद्दल मी सांगतो. गेली अठरा वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, आणि हे सगळं इथेच घडलं.

केमर आणि ओमर खुदारी ह्या दोघांनी १९८७मध्ये पपायरस सुरू केली. १९८९चा इंडियानापोलिस ५०० हा त्यांचा. मग १९९३मध्ये इंडीकार आणि १९९४मध्ये नॅसकार, म्हणजे अमेरिकेतल्या दोन मोठ्या शर्यत मालिकांचे गेम. कंपनीचं पोट नॅसकारवर चालायचं, त्याच काळात त्यांनी लेजंड्स काढला. पुढे नॅसकारचे हक्क एकट्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे गेले. पपायरसचा शेवटचा गेम २००३च्या हंगामाचा, आणि २००४मध्ये कंपनी बंद.

त्याच वर्षी केमरांनी जॉन हेन्री ह्यांच्यासोबत नवी कंपनी काढली. हेन्री म्हणजे बॉस्टन रेड सॉक्सचे मालक, पुढे लिव्हरपूल फुटबॉल क्लबही त्यांच्याकडे आला. ते स्वतः पपायरसचे गेम खेळणारे. नव्या कंपनीनं त्या शेवटच्या नॅसकार गेमचा कोड विकत घेतला, खऱ्या ट्रॅकवर जाऊन लेसरनं रस्ता मोजला, आणि २००८मध्ये आयरेसिंग हा ऑनलाइन शर्यतीचा गेम सर्वांसाठी खुला झाला. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे शर्यती थांबल्या तेव्हा नॅसकारचे खरे ड्रायव्हर आपापल्या घरून ह्यावर शर्यत खेळले आणि ती टीव्हीवर दाखवली गेली. पहिली डेनी हॅमलिननं जिंकली, दुसरा आला डेल अर्नहार्ट ज्युनिअर, जो नव्वदच्या दशकापासून पपायरसचे गेम खेळत आलेला.

आयरेसिंगमध्ये लोटस ४९ आहे. मी दर गुरुवारी रात्री मुलं झोपल्यावर चालवतो. पहिल्यांदा दुसऱ्या गिअरमध्ये तिची शेपूट सुटली तेव्हा माझ्या हातांनी ती आपोआप सावरली, २००१ मधली सवय. ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं.

तिसरं_वळण

मागचा_एक्सल, तुमच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. दोष घरच्या कॉम्प्युटरांचा होता तेवढाच गेमचाही होता. त्यात शिकण्यासाठी दोन कमी ताकदीच्या गाड्या होत्या, पण नवीन माणसाचा हात धरून तिकडे कुणी नेत नव्हतं. पहिल्याच दिवशी लोटसमध्ये बसून दहा मिनिटांत गेम बंद केलेले माझ्या ओळखीत पाच जण आहेत. मी २००६ला, हॉस्टेलमध्ये एका सिनिअरताईनं शेजारी बसून शिकवलं म्हणून टिकले.

आणि ‘विसरला गेला’ हेही पुरतं खरं नाही. वेगवान प्रोसेसर आले तसा गेम चालेनासा झाला, तेव्हा खेळणाऱ्यांनीच त्यावर पॅच (दुरुस्तीचा छोटा प्रोग्रॅम) काढला. १९६५ आणि १९६९चे अख्खे हंगाम लोकांनी फुकट बनवून दिले, किती तरी जुने ट्रॅक बांधले. पैसे कुणालाच मिळणार नव्हते.

पेटीवाले, तुम्ही असं करा. शिकाऊ गाडी घ्या, ट्रॅक अमेरिकेतला वॉटकिन्स ग्लेन. छोटा आहे आणि चुका लगेच कळतात. तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका. घड्याळाकडे पाहूच नका. सलग पाच लॅप गवतात न जाता झाले, की मगच मोठी गाडी.

माळ्यावरची_पेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरं_वळण, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पॅच टाकून गेम सुरू झाला. व्हील भाच्याचं आणलं आणि त्याच टेबलाला, त्याच दोन वळांवर क्लॅम्प आवळला.

आठवडाभर शिकाऊ गाडी. काल रात्री पहिल्यांदा लोटस घेतली, वॉटकिन्स ग्लेनलाच. सतरा वेळा गवतात. अठराव्या वेळी वळणात पाय उचलावासा वाटला आणि उचलला नाही. गाडी तिरकी झाली, सरकली, आणि रस्त्यावरच राहिली. लॅप पुरा, १ मिनिट १९ सेकंद. नंतर पाहिलं, लोटसचाच ड्रायव्हर ग्रॅहम हिलची १९६७ची पोलची वेळ १ मिनिट ५ सेकंद.

पावणेबाराला दादाला फोन लावला. केमरांचं, आयरेसिंगचं, मुरासामाचं सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग विचारलं, “कुठली गाडी घेतलीस?” लोटस म्हटल्यावर म्हणाला, “ब्रॅबॅम घे. तिची शेपूट शहाणी आहे.” नाताळच्या सुट्टीत तो साताऱ्याला येतोय.